सांख्य आणि योगदर्शन पहिल्यांदाच वाचताय? कुठून सुरुवात करायची आणि लोक कुठे अडखळतात

मुंबईत आसनांचे वर्ग गल्लोगल्ली आहेत. आसनांच्या पुढे काय, असा प्रश्न पडला की बहुतेक जण योगसूत्रांचं पुस्तक आणतात, पहिल्या पादातली (अध्यायातली) दहा-बारा सूत्रं वाचतात आणि पुस्तक कपाटात जातं. दोष संस्कृतला दिला जातो, पण खरी अडचण वेगळी आहे. वाचकाला सांख्य या जोडीच्या दर्शनाची परिभाषा येतेच, असं धरून ही सूत्रं रचली आहेत. गुण म्हणजे नेमकं काय, द्रष्टा कोण, हे तिथे मुळापासून कुणी समजावत नाही. म्हणून आधी सांख्यकारिका (सांख्याचा श्लोकबद्ध ग्रंथ, त्यातला एकेक श्लोक म्हणजे कारिका) आणि मगच योगसूत्रं. रोज अर्धा तास दिला तर पहिली फेरी चार-पाच महिन्यांत होते.

जवळ काय हवं

- सांख्यकारिकेची सार्थ प्रत: मूळ श्लोक, अन्वय, मराठी किंवा हिंदी अर्थ. सोबत गौडपादभाष्य किंवा वाचस्पती मिश्रांची तत्त्वकौमुदी यांपैकी एखादी जुनी टीका असेल तर उत्तम.
- पतंजलींची योगसूत्रं, त्यांवरच्या व्यासभाष्याच्या अनुवादासह. नुसती सूत्रं आणि त्याखाली आधुनिक प्रवचन असलेली प्रत पहिल्या वाचनाला उपयोगाची नाही.
- एक चार्ट पेपर, पेन्सिल, खोडरबर.
- एक वही, फक्त व्याख्यांसाठी.

गीता घरात असेलच. पहिले तीन महिने ती मधे आणू नका. कारण पुढे येईल.

१. प्रत निवडताना आकडे तपासा

सांख्यकारिका ईश्वरकृष्णाची. चिनी भाषेत तिचं भाषांतर सहाव्या शतकात परमार्थाने केलं, म्हणजे ती त्याआधीची हे नक्की. बहुतेक प्रतींत ७२ कारिका असतात, पण शेवटच्या कारिकेत ग्रंथ स्वतःला 'सप्तति' म्हणवतो आणि गौडपादांचं भाष्य ६९ वरच थांबतं. ६१व्या कारिकेवरच्या गौडपादभाष्यावरून एक हरवलेली कारिका लोकमान्य टिळकांनी जुळवून दाखवली होती. तुमच्या प्रतीत एखादी कारिका कमी-जास्त दिसली तर छपाईची चूक समजून पुस्तक बदलायला धावू नका.

'सांख्यसूत्र' किंवा 'सांख्यप्रवचनसूत्र' नावाचा ग्रंथ कपिलमुनींच्या नावावर विकला जातो. नाव प्राचीन असलं तरी हा ग्रंथ कारिकेच्या कित्येक शतकांनंतरचा आहे. सुरुवात त्याने करू नका.

योगसूत्रांच्या चार पादांत ५१, ५५, ५५ आणि ३४ अशी एकूण १९५ सूत्रं. काही प्रतींत तिसऱ्या पादात २१व्या सूत्रानंतर एक जास्तीचं सूत्र मोजतात, मग एकूण १९६ होतात आणि तिथून पुढचे त्या पादातले सगळे क्रमांक एकाने सरकतात. वर्गात कुणी 'तिसऱ्यातलं ३७वं' म्हणालं आणि तुमच्या पानावर भलतंच निघालं, तर एक पुढे-मागे पाहा.

कारिका आर्या वृत्तात आहेत. चार चरणांच्या मात्रा १२, १८, १२, १५. मोठ्याने म्हणा. मात्रा अडखळली तर बहुधा तुम्ही संधी चुकीचा फोडलाय किंवा छापणाऱ्याने अक्षर गाळलंय.

२. पहिल्या आठ कारिका: प्रश्न काय आणि पुरावा कोणता

सुरुवात देवापासूनही नाही आणि विश्वाच्या उत्पत्तीपासूनही नाही. सुरुवात दुःखापासून. ते तीन प्रकारचं. आध्यात्मिक म्हणजे स्वतःच्या शरीर-मनातलं: ताप, चिंता. आधिभौतिक म्हणजे इतर प्राण्यांकडून होणारं, कुत्रं चावण्यापासून लोकलमधल्या धक्काबुक्कीपर्यंत. आधिदैविक म्हणजे माणसाच्या हाताबाहेरच्या शक्तींचं. २६ जुलै २००५चा पाऊस ज्यांनी पाहिला त्यांना उदाहरण द्यायला नको. यांवर डॉक्टर, पोलीस, छत्री असे उपाय आहेतच, मग तत्त्वज्ञान कशाला? कारिकेचं उत्तर: हे उपाय हमखास नाहीत आणि कायमचे नाहीत. दुसऱ्या कारिकेत तर वैदिक कर्मांनाही तोच दोष लावलाय: त्यांत अशुद्धी आहे, त्यांचं फळ संपतं आणि त्यात कमी-जास्त असतं. बरेच जण ही ओळ वाचून दचकतात आणि मवाळ अर्थ शोधू लागतात. शोधू नका, ती तशीच आहे.

चौथ्या कारिकेत प्रमाणं (ज्ञानाची साधनं) तीनच: दृष्ट म्हणजे प्रत्यक्ष, अनुमान, आणि आप्तवचन म्हणजे विश्वासार्ह वचन.

सातव्या कारिकेपाशी जरा जास्त थांबा. एखादी वस्तू असूनही दिसत नाही, त्याची आठ कारणं तिथे दिली आहेत. ती पाठ करण्यापेक्षा एक दिवस शहरात फिरताना ओळखा. गेटवेहून निघालेली लाँच क्षितिजाकडे दिसेनाशी होते, ते अतिदूरत्व. डोळ्यातलं काजळ डोळ्यालाच दिसत नाही, ते सामीप्य. कान बंद असणं हा इंद्रियघात. फलाटावर घोषणा होऊनही मोबाईलच्या नादात ऐकू आली नाही, तर मनाचं अनवस्थान. हवेतले बारीक कण म्हणजे सौक्ष्म्य. भिंतीपलीकडचा माणूस म्हणजे व्यवधान. रस्त्यावरच्या दिव्यांपुढे आकाशातले तारे हरवतात, तो अभिभव. आणि जूनमध्ये चर्चगेटबाहेरच्या शेकडो काळ्या छत्र्यांत आपल्या माणसाची छत्री सापडत नाही, तो समानाभिहार.

हा खटाटोप कशासाठी, तर आठव्या कारिकेसाठी. मूळ प्रकृती, म्हणजे सगळ्या जड सृष्टीचं मूळ कारण, दिसत नाही ती सौक्ष्म्यामुळे, नसल्यामुळे नाही. तिच्या कार्यांवरून तिचं अनुमान होतं. इथे घाई केली तर पुढची सगळी मांडणी 'मानायची गोष्ट' वाटू लागते. प्रत्यक्षात तो युक्तिवाद आहे.

३. पंचवीस तत्त्वांचा तक्ता हाताने काढा

छापील तक्ता वहीत चिकटवू नका. तिसरी आणि बाविसावी कारिका समोर ठेवून स्वतः काढा.

तिसऱ्या कारिकेत चार गट आहेत. कुणापासून न झालेली पण इतरांना जन्म देणारी मूळ प्रकृती: १. स्वतः झालेली आणि पुढे जन्मही देणारी, म्हणजे महत्, अहंकार आणि पाच तन्मात्रं (शब्द, स्पर्श, रूप, रस, गंध यांची सूक्ष्म रूपं): ७. नुसती झालेली, म्हणजे मन, पाच ज्ञानेंद्रियं, पाच कर्मेंद्रियं आणि पाच महाभूतं: १६. आणि कुणापासून न झालेला, कुणालाही जन्म न देणारा पुरुष: १. बेरीज २५.

आता बाण काढा. प्रकृतीतून महत् (यालाच बुद्धी म्हणतात), महत्‌मधून अहंकार. अहंकाराला दोन फाटे: सात्त्विक बाजूने मनासह अकरा इंद्रियं, तामस बाजूने पाच तन्मात्रं. राजस अहंकाराचा वेगळा फाटा नाही, तो दोन्हीकडे चालना देतो. तन्मात्रांतून महाभूतं: शब्दातून आकाश, स्पर्शातून वायू, रूपातून तेज, रसातून आप, गंधातून पृथ्वी. वाचस्पतींच्या मते हे साचत जातं, म्हणजे वायूत शब्द आणि स्पर्श दोन्ही, पृथ्वीत पाचही. पुरुषाला एकही बाण जोडू नका. तो कागदाच्या दुसऱ्या टोकाला एकटा.

इथे नवखे हमखास फसतात ते असे:

- वेगवेगळ्या पुस्तकांत तक्ते जुळत नाहीत. विज्ञानभिक्षू या नंतरच्या टीकाकारांच्या मते सात्त्विक अहंकारातून फक्त मन येतं आणि दहा इंद्रियं राजस अहंकारातून. दोन्ही मतं परंपरेतलीच आहेत. तुमचा तक्ता कारिकेचा ठेवा, दुसरं मत पेन्सिलीने बाजूला.
- दासबोध वाचलेल्यांच्या डोक्यात 'अष्टधा प्रकृती' पक्की असते: पाच भूतं आणि तीन गुण. गीतेच्या सातव्या अध्यायातली अष्टधा प्रकृती म्हणजे पाच भूतं, मन, बुद्धी, अहंकार. कारिकेतल्या प्रकृतीची फोड या दोन्हींहून वेगळी. तिन्हींची सरमिसळ केली की तक्ता कधीच बसत नाही.
- आयुर्वेदाचे विद्यार्थी पदार्थविज्ञानात हाच विषय शिकतात, पण चरकसंहितेच्या शारीरस्थानात चोवीस तत्त्वांचा पुरुष सांगितलाय आणि सुश्रुतसंहिता पंचविसांची मांडणी घेते. परीक्षेच्या नोट्सवरून कारिका समजून घेऊ नका.
- 'अहंकार' म्हणजे इथे घमेंड नाही. 'हे मी', 'हे माझं' असा अभिमान उत्पन्न करणारं तत्त्व, एवढंच (कारिका २४). 'पुरुष' स्त्री-पुरुष सगळ्यांत आहे.

४. बुद्धी कोणत्या बाजूला, हे पक्कं करा

या लेखातली एकच पायरी लक्षपूर्वक करणार असाल तर ही करा.

आपल्याला सवय असते एका बाजूला शरीर आणि दुसऱ्या बाजूला मन-बुद्धी-आत्मा, अशी वाटणी करण्याची. सांख्याची रेघ तिथे नाही. विचार, निर्णय, आठवण, ध्यानातला आनंद, इतकंच काय, 'मला कळलं' हे कळणंही बुद्धीत घडतं, आणि बुद्धी जड आहे, प्रकृतीच्या बाजूची आहे. पुरुषाकडे उरतं ते फक्त साक्षित्व. तो काही करत नाही, बदलत नाही, विचारही करत नाही.

मग बुद्धी जिवंत का वाटते? विसावी कारिका पाहा: प्रकृती-पुरुषाच्या संयोगामुळे अचेतन असलेलं चेतनासारखं भासतं आणि उदासीन असलेला कर्त्यासारखा भासतो. दोन्हीकडे 'इव', म्हणजे 'जणू'. ही दोन 'इव' अधोरेखित करून ठेवा. बासष्टावी कारिका म्हणते की पुरुष बांधलाही जात नाही, सुटतही नाही. बांधली जाते आणि सुटते ती प्रकृतीच. ती ओळ याच 'इव'वर उभी आहे.

स्वतःला तपासायला वहीत दोन रकाने करा, 'द्रष्टा' आणि 'दृश्य'. दिवसभरातले दहा अनुभव लिहा: भूक, चिडचिड, हिशेब, गाण्याचा सूर, झोप चांगली लागल्याची जाणीव, पश्चात्ताप. दहाच्या दहा 'दृश्य'मध्ये गेले पाहिजेत. एखादा अनुभव उचलून 'द्रष्टा'च्या रकान्यात टाकावासा वाटला, तर चौथी पायरी अजून झालेली नाही.

दुसरी चूक वेदान्ताच्या सवयीची. कीर्तन-प्रवचनांतून आपल्या कानावर अद्वैत जास्त पडलेलं असतं, त्यामुळे प्रकृतीच्या जागी माया आणि पुरुषाच्या जागी ब्रह्म आपोआप बसवलं जातं. सांख्याची प्रकृती खरी आहे, भास नाही. आणि पुरुष एक नाही, अनेक आहेत. अठराव्या कारिकेत कारणं दिली आहेत: एक जन्मला म्हणून सगळे जन्मत नाहीत, एक मेला म्हणून सगळे मरत नाहीत. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात सांख्यांना प्रधान मल्ल, म्हणजे मुख्य प्रतिस्पर्धी, धरून खोडून काढलं, ते उगाच नाही.

५. तीन गुण म्हणजे स्वभावाचे तीन शिक्के नव्हेत

'तो तामसी', 'ती सात्त्विक', 'हे राजस जेवण' हा वापर गीतेच्या शेवटच्या अध्यायांतून आपल्या बोलण्यात आला. कारिकेत गुण म्हणजे प्रकृतीचे घटकच. बाराव्या आणि तेराव्या कारिकेवरून व्याख्या वहीत उतरवा: सत्त्व हलकं, प्रकाशक, प्रीतिरूप, रज चंचल, चालना देणारं, अप्रीतिरूप, तम जड, झाकणारं, विषादरूप. तिन्ही कायम एकत्र असतात, एकमेकांना दाबतात आणि एकमेकांच्या आधारानेच काम करतात. कारिकेचा दाखला दिव्याचा आहे: वात, तेल आणि ज्योत परस्परविरोधी, तरी उजेड एकच. नुसतं सत्त्व कुठेही सापडणार नाही. तीन गुण समतोलात असतात तेव्हा मूळ प्रकृती, तोल ढळला की सृष्टी.

६. सत्कार्यवाद

नववी कारिका. कार्य कारणात आधीपासून असतं, यासाठी पाच कारणं: नसलेलं निर्माण करता येत नाही, विशिष्ट कार्यासाठी विशिष्ट उपादानच घ्यावं लागतं, कशातूनही काहीही होत नाही, समर्थ कारण त्याला शक्य तेवढंच करतं, कार्य कारणाच्याच स्वभावाचं असतं. नैयायिक (न्यायदर्शनाचे अनुयायी) आणि बौद्ध यांना हे मान्य नाही, पण तो वाद पहिल्या फेरीत नको.

पहिल्या फेरीत ४६ ते ५१ या कारिकाही सोडा. त्यांत बुद्धीच्या सृष्टीचे पन्नास भेद आहेत (५ विपर्यय, २८ अशक्ती, ९ तुष्टी, ८ सिद्धी). बहुतेकांचं वाचन इथेच थांबतं. सरळ ५५ वर जा आणि ६८ पर्यंत सलग वाचा. वासरासाठी वाहणारं दूध, नाचून झाल्यावर थांबणारी नर्तकी, ज्ञान झाल्यावरही काही काळ फिरत राहणारं कुंभाराचं चाक, ही प्रसिद्ध उदाहरणं याच भागात आहेत.

७. योगसूत्रं दुसऱ्या पादापासून उघडा

हा सल्ला उलटा वाटेल, पण त्याला व्यासभाष्याचाच आधार आहे. दुसऱ्या पादाच्या आरंभी भाष्यकार म्हणतात की पहिल्या पादातला योग एकाग्र चित्ताच्या माणसासाठी सांगितला. ज्याचं चित्त अजून बाहेर धावतंय त्याने काय करावं, ते आता सांगतो. तुम्ही-आम्ही दुसऱ्या गटात.

क्रम असा ठेवा:

- २.१ ते २.१५: क्रियायोग आणि पाच क्लेश (अविद्या, अस्मिता, राग, द्वेष, अभिनिवेश). २.६ मध्ये अस्मितेची व्याख्या पाहा: पाहणारी शक्ती आणि पाहण्याचं साधन एकच असल्यासारखं वाटणं. तिथेही 'इव' आहे. चौथी पायरी केली असेल तर हे सूत्र स्वतःहून उलगडतं.
- २.१६ ते २.२८: द्रष्टा-दृश्य प्रकरण. २.१९ वाचताना चार्ट पेपर काढा. भाष्याप्रमाणे 'विशेष' १६, 'अविशेष' ६ (पाच तन्मात्रं आणि अस्मिता), 'लिंगमात्र' म्हणजे महत्, 'अलिंग' म्हणजे प्रकृती. तुमच्या तक्त्यातली पुरुष सोडून चोवीसही तत्त्वं जागच्या जागी बसली पाहिजेत.
- २.२९ ते २.५५: यम ते प्रत्याहार.
- मग १.१ ते १.१६ आणि १.२३ ते १.४०.
- ३.१ ते ३.१५. त्यानंतरच्या सिद्धी वाचायला हरकत नाही, पण त्या समाधीतले अडथळे आहेत असं पतंजली स्वतःच सांगतात.
- चौथा पाद आणि १.४१ ते १.५१ शेवटी. ते एकट्याने वाचण्याजोगे नाहीत.

आसनांवर सूत्रं फक्त तीन: २.४६ ते २.४८. सूर्यनमस्कार, कुंडलिनी, सात चक्रं यांतलं काही सूत्रांत नाही. 'नाभिचक्र' हा शब्द तिसऱ्या पादात एकदा येतो, तोही शरीररचनेच्या ज्ञानासाठी. ते सगळं हठ आणि तंत्राच्या ग्रंथांतलं आहे. ते खोटं आहे असं नव्हे, पण पत्ता वेगळा.

१.२ मध्ये योग म्हणजे चित्तवृत्तींचा निरोध असं म्हटलंय. 'निरोध' म्हणजे विचार दाबून बसणं, ही नेहमीची चूक. पाच वृत्तींच्या यादीत निद्राही आहे (१.६, १.१०). म्हणजे डोळे मिटून सगळं धूसर, रिकामं झालं, छान वाटलं, ही बहुतेक वेळा निद्रावृत्तीच, निरोध नव्हे. उपाय १.१२ मध्ये जोडीने दिलाय, अभ्यास आणि वैराग्य. एकट्या अभ्यासाने माणूस तासन्‌तास बसायला शिकतो आणि उठल्यावर पूर्वीइतकाच चिडतो.

८. दोघांत फरक कुठे

- कारिकेत ईश्वर येतच नाही. योगात १.२३ ते १.२९ मध्ये येतो, पण तो जगाचा निर्माता नाही. क्लेश, कर्म, फळ आणि संस्कार यांचा स्पर्श नसलेला 'पुरुषविशेष' आहे.
- सांख्य बुद्धी, अहंकार, मन अशी तीन अंतःकरणं वेगळी धरतं. योग बहुतेक ठिकाणी एकच शब्द वापरतो, चित्त.
- सांख्याचा भर तत्त्वांच्या विवेकावर, योगाचा चित्ताच्या शिस्तीवर. दोघांचं फळ मात्र कैवल्यच, म्हणजे पुरुषाचं प्रकृतीहून वेगळं, एकटं उरणं.

आता गीता काढा. दुसऱ्या अध्यायाचं नाव 'सांख्ययोग' असलं तरी तिथलं सांख्य म्हणजे ढोबळमानाने ज्ञानमार्ग, ईश्वरकृष्णाचं दर्शन नव्हे. तेराव्या आणि चौदाव्या अध्यायांत मात्र तुमचा तक्ता पुन्हा भेटेल, ईश्वराच्या हाताखाली. मराठीत या जोडणीसाठी गीतारहस्यातलं 'कापिलसांख्यशास्त्र अथवा क्षराक्षरविचार' हे सातवं प्रकरण अजूनही सर्वांत स्वच्छ वाटतं. योगसूत्रांसाठी कृ. के. कोल्हटकरांचं 'भारतीय मानसशास्त्र अथवा सार्थ आणि सविवरण पातंजल योगदर्शन' हा जाडजूड ग्रंथ आहे. तो सलग वाचायचा नाही, सूत्र अडलं की उघडायचा.

९. मुंबईत कुठे जायचं

पुस्तकं विकत घ्यायची तर दादर पश्चिमेला छबिलदास शाळेच्या आसपासच्या दुकानांत आधी विचारा. जुन्या, छपाईबाहेरच्या प्रतींसाठी दादर पूर्वेचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (स्थापना १८९८). संस्कृत मूळ ग्रंथांसाठी फोर्टच्या टाऊन हॉलमधली एशियाटिक सोसायटी आणि कलिन्याला विद्यापीठाचं ग्रंथालय. व्यासभाष्य आणि वाचस्पतींच्या टीकेसह योगसूत्रांची राजाराम शास्त्री बोडसांनी संपादित केलेली आवृत्ती १८९२ मध्ये मुंबईतूनच, बॉम्बे संस्कृत सीरिजमध्ये निघाली होती. संस्कृत येत असेल तर ती मागा. सभासद नसाल तर आत बसून वाचता येईल का, अनामत किती, हे आधी फोनवर विचारा. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि दोन फोटो सोबत असू द्या.

आसन-प्राणायामासाठी सांताक्रूझ पूर्वेची, १९१८ साली स्थापन झालेली योग इन्स्टिट्यूट आणि मरीन ड्राइव्हवरची कैवल्यधामची शाखा या जुन्या जागा. ग्रंथ शिकायचा असेल तर कलिन्याचा संस्कृत विभाग किंवा चौपाटीच्या भारतीय विद्या भवनात चौकशी करा. कुठल्याही वर्गाची फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: कोणता ग्रंथ लावणार, कोणत्या टीकेसह, आणि आठवड्याला किती सूत्रं. 'आम्ही सगळ्या ग्रंथांचं सार सांगतो' असं उत्तर आलं तर ते प्रवचन आहे. आवडत असेल तर जरूर ऐका, पण वही तिथे भरणार नाही.